बोअरच्या पाण्यात शिसं आणि क्रोमियम सापडलंय, जिवाणूंची पावडर टाकली तर निघेल का?

बोअरमध्ये काही टाकू नका. "जिवाणू धातू खाऊन टाकतात" असं विक्रेत्याने तुम्हाला सांगितलं, तिथेच गडबड आहे. मी बरीच वर्षं एका प्लेटिंग कारखान्याचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र, सांभाळतोय. सांडपाण्यातली साखर, तेल, फिनॉल जिवाणू खरोखर खातात. शिसं मात्र मूलद्रव्य आहे, कुणाच्याही पोटात गेलं तरी शिसंच राहतं. जिवाणू त्याला अंगाला चिकटवून घेतात, नाहीतर विरघळणार नाही अशा रूपात आणून खाली बसवतात. म्हणजे शेवटी गाळ उरतोच.

नीट केलं तर हे जमतं. नेदरलँड्समध्ये बुडेलला जस्ताचा जुना कारखाना आहे, त्याच्या खालच्या भूजलात जस्त, कॅडमियम आणि सल्फेट मुरलं होतं. १९९२पासून तिथे ते पाणी उपसून हवाबंद टाकीत घेऊ लागले. टाकीतल्या जिवाणूंना खायला इथेनॉल, आणि श्वासासाठी ऑक्सिजनचं काम सल्फेटवर भागतं. त्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तो जस्ताला धरून तळाला बसवतो. तो गाळ पुन्हा भट्टीत, कच्चा माल म्हणून! मला हेवा वाटतो तो याचाच. आमच्याकडे क्रोमियमला मेटाबायसल्फाइट हे रसायन, मग चुना, आणि फिल्टर प्रेसमध्ये दाबून निघालेला गाळाचा केक पोत्यांत भरून पैसे मोजून रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर धाडायचा.

पण बुडेलला टाकी आहे, पंप आहेत, रोज मोजणारी माणसं आहेत. तुमच्याकडे खडकातली भेग आहे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रायफल गावी २००२ साली थेट जमिनीत जिवाणूंचं खाद्य म्हणून ॲसिटेट सोडून जिओबॅक्टर जिवाणू वाढवले. पाण्यातलं युरेनियम झपाट्याने उतरलं, पण पुढे सल्फेटवाले जिवाणू वरचढ झाले आणि युरेनियम परत चढू लागलं. शास्त्रज्ञ विहिरीवर बसलेले असताना ही गत.

शिवाय उलटाही खेळ होतो. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशच्या भूजलात आर्सेनिक येतं, त्यात जिवाणूंचाच हात आहे. हवा नसलेल्या थरात ते लोहाची ऑक्साइडं विरघळवतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक सुटतं. बोअरमध्ये पावडर आणि तिच्यासोबत जिवाणूंना खायला दिलेला गूळ ओतून तुम्ही तशीच हवा कमी कराल.

आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून पाणी पुन्हा तपासा. पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आणि क्रोमियम ०.०५ च्या आत हवं. तोवर ते पिऊ नका, स्वयंपाकालाही नको. उकळून उपयोग नाही, पाणी आटतं आणि धातू मागे राहतो. पिण्यापुरता चांगला आरओ चालेल, पण त्याचं वाया जाणारं पाणी परसातल्या मेथीला घालू नका. जवळ प्लेटिंगचे किंवा बॅटरीचे कारखाने असतील तर रिपोर्ट जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या.

रिपोर्टमधले आकडे आणि बोअरची खोली इथे लिहा, मग पुढचं बोलू.