सरकारी योजना असताना गावाने स्वतःचा आरोग्य निधी उभारावा का?

होय, उभारावा, मात्र सरकारी योजनेला पर्याय म्हणून नव्हे, तर तिच्यातून सुटणारा खर्च उचलण्यासाठी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मराठवाड्यातील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबेही घेतली गेली असली, तरी तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांवर आहे. बीडकडच्या एखाद्या खेड्यातील बाईला ताप आला, तर रक्ततपासणी, गोळ्या, तालुक्याच्या गावापर्यंतचे जीपभाडे आणि बुडालेली मजुरी हे सारे पदरचेच जाते, आणि त्यापायीच ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल वाढत राहते.

कर्नाटकात २००३ मध्ये सुरू झालेल्या यशस्विनी योजनेत सहकारी संस्थांचे सभासद सुरुवातीला महिन्याला पाच रुपये भरून शस्त्रक्रियांसाठी संरक्षण मिळवत. एवढा लहान हप्ता पुरला तो सभासद लाखांत होते आणि सरकारचे अनुदानही होते म्हणून. एकट्या गावाने मोठ्या शस्त्रक्रियांची हमी घेणे मला धोक्याचे वाटते. एका कर्करुग्णाच्या उपचारातच निधी आटेल.

वर्गणी बचत गटातील प्रत्येक कुटुंबाकडून घ्यावी, कारण ऐच्छिक ठेवली तर आजारी माणसेच आधी नाव नोंदवतात. वसुली सोयाबीन विकल्यावर, ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडण्याआधी व्हावी. त्याच बैठकीत प्रत्येक घराची शिधापत्रिका उघडून पाहावी. नव्या सुनेचे नाव अनेकदा तिच्यात चढलेलेच नसते, आणि ते रुग्णालयाच्या दारात कळते.