फणस काढायचाय, जेसीबी बोलवू की दोरवाले?

प्रश्न: घराच्या मागे जुना फणस आहे, सगळा छपराकडे कललाय, पावसाआधी काढायलाच हवा. मुलगा म्हणतो जेसीबी आणून ढकलून देऊ, तासाभराचं काम. सासरे म्हणतात दोर घेऊन चढणारी माणसंच आणा. कुणाचं ऐकू? – एक वाचक, सत्तरी तालुका, गोवा

उत्तर: ताई, जेसीबीने ढकलायचं तेवढं करू नका, हात जोडून सांगतो. जेसीबी जोर लावतो खाली बुंध्याला, वरचा शेंडा कुठे जाईल ते ड्रायव्हरच्या हातात नसतं, सुकी खांदी तुटली तर सरळ केबिनवर. आणि मुळं उपटताना भोवतालची जमीन घेऊनच उठतात, मग चिऱ्याचा गडगा, पाण्याचा पाइप, सेप्टिक टँक, जे जवळ असेल ते गेलंच.

आमच्या शेजारी असाच आंबा काढला. चढणारा शेंड्याकडून कापत कापत खाली येत होता, कापायची खांदी दोराने बांधलेली, दोर वरच्या बेचक्यातून खाली आणून दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला तीन वेढे. ते वेढेच सगळं वजन धरतात, तिथे बसलेला म्हातारा नुसता दोर थोडा थोडा सैल सोडत होता. माणसाएवढी जाड खांदी कौलांपासून वीतभर अंतरावरून सरकत अंगणात उतरली, एक कौल हललं नाही. हे बघितल्यापासून मी सासऱ्यांच्या बाजूचा.

पण एक अट आहे हां. बुंधा कोयत्याच्या पाठीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला किंवा बुडाशी अळंबी दिसली, तर कुणालाही वर चढवू नका, तिथे क्रेनच हवी, पाळण्यात उभं राहून कापायचं, पैसे जास्त गेले तरी चालतील. क्रेनला पाय रोवायला घट्ट जमीन लागते आणि हात जेवढा लांब काढाल तेवढं वजन कमी उचलते, म्हणून आधी वाट आणि अंतर दाखवा त्यांना.

आपल्या गोव्यात 1984 च्या झाडांच्या कायद्याखाली वन खात्याची परवानगी आपल्या जमिनीतल्या झाडालाही लागते, अर्ज आजच द्या. विजेची तार जवळ असेल तर लाइन बंद करून घेतल्याशिवाय कोयतासुद्धा लावू देऊ नका, आणि चढणाऱ्याला हेल्मेट, कमरेला पट्टा हवाच, कितीही अनुभवी असला तरी.

फणसाचं लाकूड पिवळंधमक, दारं-खिडक्यांना उत्तम, म्हणून खोडाचे लांब ओंडके ठेवायला सांगा. बुंधा ठोकल्यावर आवाज कसा आला ते मला जरूर कळवा.