जुन्या कॅसेटवाल्या ८-बिट टीव्ही गेमचं हँडहेल्ड कसं बनवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नव्वदच्या दशकातला कॅसेटवाला टीव्ही गेम घरात पडून आहे, अजून चालतो, सोल्डरिंग बऱ्यापैकी येतं. रास्पबेरी पाय (छोटा एकबोर्डी संगणक) न वापरता त्याच बोर्डाचं, त्याच कॅसेटींवर चालणारं हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र करायचंय, तर सुरुवात कुठून करावी?

खोक्यापासून करू नका, थ्रीडी प्रिंटरपासून तर नकोच. आधी छानसा आकार काढायचा आणि मग त्यात बॅटरी, स्क्रीन, सॉकेट कोंबत बसायचं, यातच बहुतेकांची फजिती होते. उलटं करा. सगळा पसारा टेबलावर उघडा मांडून दोन-तीन तास सलग चालवा. तो चालला की मग त्याचं माप घेऊन कपडे शिवा.

आधी तुमच्याकडे कुठला बोर्ड आहे ते बघा. आपल्याकडे ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ अशा नावांनी विकले गेलेले संच म्हणजे निंटेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला. खोकं उघडल्यावर दोनपैकी एक चित्र दिसेल. एक तर ४० पायांच्या दोन मोठ्या चिप (बहुधा यूए ६५२७पी आणि यूए ६५३८) आणि शेजारी दोन रॅम. नाहीतर सगळं काही एका काळ्या डांबरी ठिपक्याखाली. हँडहेल्डसाठी ठिपकेवाला बोर्ड बरा. तो लहान असतो आणि वीज कमी खातो. पण ठिपका मेला की बोर्ड फेकायचा, दुरुस्ती नाही. शिवाय यातल्या बऱ्याच नकलांमध्ये आवाजाच्या दोन लहरींची अदलाबदल झालेली असते, त्यामुळे काही खेळांचं संगीत मुळापेक्षा वेगळं वाजतं. एमएमसी ५ मॅपर (कॅसेटमधली जादा मेमरी हाताळणारी चिप) वापरणारे खेळ अनेक ठिपकेवाल्या बोर्डांवर सुरूच होत नाहीत. तो तुमच्या सोल्डरिंगचा दोष नव्हे. आणि हाती आलेला संच खरा जपानी फॅमिकॉम निघाला, तर कृपा करून त्याला करवत लावू नका. नक्कल शोधा.

आता कॅसेट. अख्ख्या यंत्राचा आकार तीच ठरवते. ६० पिनांची कॅसेट साधारण ११ बाय ७ सेंटिमीटरची असते, म्हणजे यंत्र त्याहून अरुंद होणार नाही. १९९० सालचा टर्बोएक्सप्रेस हा हँडहेल्ड हातात मावला, कारण त्याच्या घरगुती भावंडाचे खेळ मुळातच पत्त्याएवढ्या चपट्या कार्डांवर होते. सेगाच्या १९९५ सालच्या नोमॅड या हँडहेल्डला जेनेसिस या घरगुती संचाच्या जाडजूड कॅसेटी घ्याव्या लागल्या, म्हणून तो तसा थोराड दिसतो. दोघंही सहा पेन्सिल सेलवर तीनेक तासांत माना टाकायचे, पण त्याकडे बॅटरीपाशी येऊ.

सॉकेट बोर्डावर आहे तिथेच ठेवता आला तर ठेवा. कॅसेट पाठीमागून वर तोंड करून बसते, थोडी बाहेर डोकावते, चालतं. सॉकेट हलवायचाच असेल तर ६० तारा ओढाव्या लागतील. जुन्या हार्डडिस्कची ४० तारांची पट्टी आणि तिच्या जोडीला दुसऱ्या पट्टीतून फाडलेल्या २० तारा वापरा. प्रोसेसर जेमतेम पावणेदोन मेगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे १०-१२ सेंटिमीटरपर्यंत तारा निमूट चालतात. पट्टी लांबत गेली की कुरबुरी सुरू होतात. ५ व्होल्ट पिन ३० आणि ३१ वर, ग्राउंड १ आणि १६ वर. या चारही पिनांना पट्टीतली बारीक तार नको, जरा जाड वेगळी तार द्या, आणि सॉकेटच्या तोंडाशीच १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावा.

इथे जे बिघडतं ते पडद्यावर ओळखू येतं. पडदा एकाच रंगाचा राहून काहीच हलत नसेल तर चूक प्रोसेसरकडच्या तारांत आहे. खेळ चालतोय, बटणं घेतोय, पण चित्रांच्या जागी ठिगळं दिसताहेत, तर चित्राच्या चिपकडच्या तारांत. फक्त पार्श्वभूमी सरकताना भलतीच जुळत असेल तर आधी पिन १८ तपासा. आणि चित्र सुंदर पण आवाज ठार बंद असेल तर पिन ४५ आणि ४६: फॅमिकॉमचा आवाज ४५ वरून कॅसेटमध्ये जातो आणि ४६ वरून परत येतो. या दोन तारा ‘वापरात नसतील’ म्हणून सोडून देणारे पुष्कळ.

स्क्रीनसाठी गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा छोटा मॉनिटर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. कंपोझिट (एकाच तारेतून येणारा चित्राचा) सिग्नल थेट घेतो, आणि यातले बहुतेक पाल आणि एनटीएससी या दोन्ही टीव्ही पद्धती ओळखतात. विकत घेण्यापूर्वी शक्य असेल तर बोर्ड सोबत नेऊन लावून बघा. जुने टीव्ही गेम एक ओळ सोडून एक असं चित्र पाठवत नाहीत, एनटीएससीत २६२ आणि पालमध्ये ३१२ ओळींचं सरळ चित्र पाठवतात, आणि काही स्वस्त मॉनिटर त्याला ‘सिग्नल नाही’ म्हणून निळा पडदा दाखवतात. आकाराचं म्हणाल तर मी ४.३ इंचीपेक्षा ३.५ इंची सुचवेन. मूळ चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं, जवळजवळ चौकोनी. ४.३ इंची पडदा रुंद असतो, त्यावर मारिओ जाडा होतो.

बोर्डाला फक्त अँटेनाची पिन असेल तर घाबरू नका. आत जो पत्र्याचा छोटा डबा आहे त्यात बहुधा चार जोडण्या जातात: ५ व्होल्ट, ग्राउंड, चित्र, आवाज. ५ व्होल्ट आणि ग्राउंड मल्टिमीटरने सापडतात. उरलेल्या दोन्ही आळीपाळीने मॉनिटरच्या इनपुटला लावा, एकीवर चित्र येईलच. फिकट किंवा थरथरतं आलं तर एका एनपीएन ट्रान्झिस्टरचा एमिटर फॉलोअर (सिग्नलला जोर देणारी जोडणी) मध्ये घाला. मॉनिटरच्या आत ७५ ओहमचा भार असतो, तो थेट चिपवर पडू द्यायचा नाही.

मॉनिटरवर १२ व्होल्ट लिहिलंय म्हणून १२ व्होल्टच दिले पाहिजेत असं नाही. उघडा, एकदा १२ व्होल्ट देऊन चालवा, आणि कॉइलशेजारच्या कपॅसिटरवर किती येतंय ते मोजा. ५ आलं तर तिथली आठ पायांची कन्व्हर्टर चिप काढून त्या जागी थेट ५ व्होल्ट द्या. ३.३ आलं तर तिथे चुकूनही ५ देऊ नका, पडदा जळेल. अशा वेळी मूळ इनपुटलाच ५ देऊन बघा, अनेकदा तेवढ्यावर चालतो.

आता वीज. सगळ्यात जास्त बोर्ड इथे मरतात.

मूळ बोर्डावर ७८०५ (दाब ५ व्होल्टवर उतरवणारी तीन पायांची चिप) असतो. त्याला आत येणारा दाब किमान ७ व्होल्ट लागतो आणि वरचा सगळा फरक तो उष्णतेत घालवतो: ९ व्होल्ट देऊन ३०० मिलिअँपिअर घेतले तर सव्वा वॅट नुसता तापण्यात. बंद खोक्यात हा निखारा नको. काढून टाका. त्याच्यावरची अक्षरं तुमच्याकडे ठेवली तर उजवा पाय आउटपुट, मधला ग्राउंड. त्या दोन भोकांना थेट ५ व्होल्ट जोडा. जुन्या अॅडॉप्टरच्या सॉकेटला ५ देऊन भागणार नाही, कारण वाटेत ७८०५ असेपर्यंत बोर्डाला तीनच व्होल्ट मिळतील.

बॅटरीला एक लिथियम सेल पुरतो. हिशेब असा मांडा. समजा तुमच्या मीटरवर बोर्ड २००, स्क्रीन २५० आणि आवाज ५० मिलिअँपिअर निघाला. एकूण ५००, म्हणजे ५ व्होल्टला अडीच वॅट. ३००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलमध्ये ११.१ वॅट-तास असतात. बूस्ट कन्व्हर्टर (सेलचा दाब ५ व्होल्टपर्यंत चढवणारा बोर्ड) त्यातले ८७ टक्के पोचवतो असं धरलं तर पावणेचार तासांच्या आसपास. आकडे तुमचे घाला, पण मोजून घाला, अंदाजाने नको.

याच हिशेबातली दुसरी बाजू लोक विसरतात. ५ व्होल्टला अर्धा अँपिअर लागतो तेव्हा सेल उतरत ३.३ ला आला की त्याच्याकडून जवळजवळ ०.९ अँपिअर ओढला जातो. वाटेत बारीक तार आणि खेळण्यातला स्विच मिळून ०.३ ओहम असला तरी पाव व्होल्टहून अधिक तिथेच खपतो, आणि सेलमध्ये जीव असतानाही यंत्र मध्येच रिसेट होतं. सेल ते कन्व्हर्टर २२ गेजची तार आणि २ अँपिअरचा स्विच लावा. ३० गेजची बारीक तार फक्त सिग्नलसाठी.

एमटी ३६०८ चा छोटा बूस्ट बोर्ड स्वस्त आणि पुरेसा आहे, पण तो पाकिटातून काढून थेट जोडू नका. नवीन बोर्डावरचा स्क्रू कुठेही फिरलेला असू शकतो, आणि त्यातून २८ व्होल्टपर्यंत बाहेर पडतात. आधी मोकळ्या आउटपुटला मीटर लावून बरोबर ५.० करा. स्क्रू बरेच फेरे फिरवला तरी आकडा हलत नाही, म्हणून बोर्ड खराब समजू नका, फिरवत राहा. ५ आलं की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब.

चार्जिंगसाठी टीपी ४०५६, तोही संरक्षण चिप असलेला, चार टोकांऐवजी सहा टोकांचा. त्याचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर १ अँपिअर चार्जिंग ठरवतो. चार्ज करता करता खेळू नका: तुमचं यंत्रच ०.८-०.९ अँपिअर खात असेल तर सेलच्या वाट्याला काही उरत नाही, आणि प्रवाह एक दशांशावर आला की चार्जिंग थांबवायचं हे त्या चिपचं गणितही चुकतं. खेळायचंच असेल तर पॉवर बँकेतला आयपी ५३०६ चा बोर्ड वापरा, त्यात चार्जर आणि बूस्ट एकत्र असतात. आणि सेलवर थेट सोल्डर करू नका. पट्ट्या वेल्ड केलेला सेल किंवा होल्डर घ्या.

बूस्ट आला की पडद्यावर तिरप्या, सरकत्या रेघा येतात. बूस्टनंतर १० ते २२ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, आणि स्क्रीन, बोर्ड, आवाज या तिघांच्या ग्राउंड तारा वेगवेगळ्या नेऊन एकाच ठिकाणी जोडा. रेघा उभ्या आणि स्थिर असतील तर मात्र तो मूळ बोर्डाच्या मांडणीचा दोष आहे. वीज गाळून तो जात नाही.

आवाजाला पीएएम ८४०३ ही अँपची चिप आणि १० किलोओहमचा व्हॉल्यूम. एवढंच लक्षात ठेवा की त्याच्या स्पीकरची वजा तार ग्राउंड नाही. ती ग्राउंडला टेकली की चिप तापते. याच कारणाने हेडफोनचा जॅक त्याच्या आउटपुटला लावता येत नाही. हेडफोन हवा असेल तर त्याला वेगळा छोटा अँप द्या.

बटणांसाठी टीव्ही गेमच्या जुन्या रिमोटचाच (कंट्रोलरचा) बोर्ड कापून वापरणं सगळ्यात सोपं, पाचच तारा: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. नव्याने करायचं तर सीडी ४०२१ चिप घ्या. ए बटण पिन १, बी १५, सिलेक्ट १४, स्टार्ट १३, वर ४, खाली ५, डावं ६, उजवं ७. डेटा ३ वरून, लॅच ९, क्लॉक १०, पिन ११ ग्राउंडला, ५ व्होल्ट १६ ला, ग्राउंड ८ ला. प्रत्येक बटणाच्या पिनेला १० ते ४७ किलोओहमने ५ व्होल्टकडे ओढा, बटण दाबल्यावर ती ग्राउंडला जावी. एखादा रेझिस्टर राहिला तर ते बटण आपोआप दाबल्यासारखं वागतं. टकटक वाजणारी ६ मिलिमीटरची बटणं टाळा, अर्ध्या तासात अंगठा दुखतो. रबरी पापुद्रा आणि कार्बनचा ठिपका, जुन्या रिमोटमध्ये असतो तोच, अजून त्याला तोड नाही.

एवढं सगळं टेबलावर चाललं की खोकं. कॅसेटचा सॉकेट तारांवर लोंबकळता ठेवू नका, तो बॉडीला स्क्रूने आवळा. नाहीतर खेळाच्या ऐन रंगात हाताची पकड घट्ट होते, सॉकेट एक केसभर हलतो आणि खेळ गोठतो. मग लोक कॅसेटीत फुंकर मारतात. त्या वाफेने तांबं काळं पडतं. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. बटणांना चोहोबाजूंनी ०.३ मिलिमीटर मोकळीक, भिंती दोन ते अडीच मिलिमीटर. प्रिंट पीएलए प्लास्टिकची नको, पीईटीजी प्लास्टिकची काढा: पीएलए साठ अंशांजवळ मऊ पडतं, आणि मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तेवढं तापायला वेळ लागत नाही. बोर्ड कापलात तर काठाने फिरणारी ग्राउंडची पट्टी तुटते, ती तारेने पुन्हा जोडा.

आणि बदकं मारायची बंदूक सोबत मिळाली असेल तर तिच्यासाठी पोर्ट ठेवण्याची खटपट करू नका. ती जुन्या पिक्चर ट्यूबच्या लखलखीवर चालते, एलसीडीवर एकही बदक पडणार नाही.