कॅमेऱ्याला कुठं बघायचं ते सांगा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : भाऊ, नागपूरच्या मारबतीच्या (मोठ्या पुतळ्याच्या) मिरवणुकीत पिवळ्या मारबतीचे ढीगभर फोटो काढले, घरी येऊन बघतो तं मारबत ब्लर आणि समोरच्या पोट्ट्याचं डोकं एकदम शार्प. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आहे, सोबत मिळालेली १८-५५ लेन्स आहे. लेन्स खराब झाली का? (एक वाचक, महाल)

उत्तर : लेन्स ठणठणीत आहे हो, पोट्ट्याचं डोकं शार्प आलं म्हणजे फोकस बरोबरच झाला, फक्त भलत्या ठिकाणी झाला. तुमचा कॅमेरा बहुतेक ऑटो एरियावर असेल, म्हणजे फोकस कुठं करायचा ते तोच ठरवतो, आणि बहुतेक वेळा त्याला जे सगळ्यात जवळ दिसतं, ज्याच्या कडा ठळक असतात, तेच तो पकडतो. आता मारबतीच्या गर्दीत जवळ काय असणार, डोकी, हात आणि मोबाईल धरलेले हात! मारबत केवढी का मोठी असेना, ती मागं आहे. म्हणून मेनूत जाऊन सिंगल पॉइंट (फोकसचा एकच चौकोन) निवडा आणि तो चौकोन मारबतीच्या चेहऱ्यावर ठेवा. डीएसएलआरमध्ये मधला पॉइंट सहसा सगळ्यात भरवशाचा असतो, स्वस्त मॉडेलात तर जास्तच, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा.

दुसरी गोष्ट मोडची. वन शॉट, ज्याला निकॉन आणि सोनीवाले एएफ-एस म्हणतात (एएफ म्हणजे ऑटोफोकस), त्यात बटण अर्धं दाबलं की फोकस होतो आणि तिथंच लॉक होऊन बसतो. मारबत तर तुमच्याकडं चालत येऊन राहिली, तुम्ही अर्धं बटण दाबून चांगला क्षण यायची वाट बघत बसले तर तोवर ती दोन पावलं पुढं आलेली असते. अशा वेळी एएफ-सी लावा, कॅननवर त्यालाच एआय सर्वो म्हणतात, मग बटण अर्धं दाबलेलं असेपर्यंत कॅमेरा फोकस सारखा बदलत राहतो. एवढं करूनही फोटो बिघडला तर कॉम्प्युटरवर पूर्ण झूम करून बघा : फ्रेममध्ये कुठंतरी काहीतरी शार्प असेल तर फोकस चुकला, आणि कुठंच काही शार्प नसेल, सगळं एकाच दिशेनं ओढल्यासारखं दिसत असेल तर शटर स्पीड कमी पडला. हे दोन वेगळे आजार आहेत पण लोक दोन्हीचं खापर ऑटोफोकसवर फोडतात. नाचत्या गर्दीत शटर स्पीड १/५०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या, थोडे दाणे दिसलेले चालतात.

प्रश्न : संध्याकाळी फुटाळा तलावावर गेले की माझी लेन्स नुसती घर्र घर्र पुढं-मागं करते आणि बटण पूर्ण दाबलं तरी क्लिकच होत नाही. (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : ताई, तुम्ही चौकोन ठेवता कुठं? काळ्या पाण्यावर नाहीतर रिकाम्या आभाळावर ठेवत असाल तर कॅमेऱ्याला तिथं धरायला काहीच नाही. ऑटोफोकस कोणताही असो, त्याला उजेड-अंधाराचा फरक लागतो, एखादी कड लागते. ऑटोफोकसचे दोन प्रकार : फेज डिटेक्शन लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या उजेडाची तुलना करून लेन्स कुठल्या बाजूला किती सरकवायची ते काढतं, आणि कॉन्ट्रास्टवालं सरकवून सरकवून बघतं की कुठं सगळ्यात ठळक दिसतं, ते घर्र घर्र त्याचंच. सपाट अंधारात दोघंही आंधळे. तर चौकोन पलीकडच्या दिव्यावर किंवा कठड्याच्या कडेवर ठेवा, फोकस झाला की लेन्सवरचं बटण एमएफवर (हातानं फोकस) सरकवा आणि मग निवांत फ्रेम लावा, फोकसची रिंग आणि झूम दोन्हीला तेवढा हात लावू नका. क्लिक न होणं हा बिघाड नाही, वन शॉटमध्ये फोकस मिळेपर्यंत कॅमेरा मुद्दाम फोटो काढत नाही.

प्रश्न : मे महिन्यात ताडोबाला गेलो होतो, दुपारचे सगळे फोटो सॉफ्ट आले. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात लेन्स कॅलिब्रेट करा (फोकस जुळवून घ्या), पैसेही बरेच सांगून राहिले. करू का? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : थांबा. सकाळच्या सफारीचे फोटो कसे आलेत ते आधी बघा. ते चांगले असतील तर दोष उन्हाचा आहे, आपल्याकडच्या मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत वर जाते आणि लांबच्या झूममधून लांबचं हरीण काढलं की ती थरथर फोटोत येते, त्याला लाखाची लेन्सही काही करू शकत नाही. जवळ या नाहीतर सकाळी काढा.

सकाळचेही सॉफ्ट असतील तर घरी चाचणी करा. कॅमेरा स्टँडवर लावा, तिरकी फूटपट्टी ठेवा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं ठेवून मधल्या एका आकड्यावर फोकस करा. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून, एक लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून), आणि असं चार-पाच वेळा. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस आरशाखालचा वेगळा सेन्सर करतो आणि लाइव्ह व्ह्यूचा फोकस फोटो काढणाऱ्या मुख्य सेन्सरवरून होतो, म्हणून लाइव्ह व्ह्यूचा शार्प आणि व्ह्यूफाइंडरचा दर वेळी पुढं किंवा दर वेळी मागं गेलेला असेल तरच कॅलिब्रेशनचा विषय काढायचा. तेव्हाही आधी मेनूत एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट किंवा एएफ फाइन ट्यून आहे का ते शोधा, वरच्या मॉडेलात असतं, फुकटात काम होतं. कधी पुढं कधी मागं असं होत असेल तर ते कॅलिब्रेशननं सुटत नाही. आणि कॅमेरा मिररलेस (आरसा नसलेला) असेल तर वेगळा सेन्सरच नाही, मग ही भानगड सहसा येत नाही, सर्व्हिस सेंटरवाल्यांना विचारा नेमकं काय कॅलिब्रेट करणार आहात.

प्रश्न : मोबाईलवर भाचीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ काढताना फोकस सारखा मागच्या फुग्यांवर पळतो. (एक वाचक, इतवारी)

उत्तर : भाचीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, बऱ्याच फोनमध्ये लॉक झाल्याचं स्क्रीनवर दिसतं. पण मग तिला केकपाशीच बसवा, ती धावत तुमच्याकडं आली तर लॉक काढावा लागेल.