वाचकांचे प्रश्न : ध्यान करूनही बैठकीत आवाज चढतो

प्रश्न : मी मुख्याध्यापिका आहे. रोज वीस मिनिटं ध्यानाला बसते, पण मन निर्विचार होत नाही. शिक्षकांच्या बैठकीत राग येतो तो येतोच. काय चुकतंय?

उत्तर : निर्विचार होण्याचा हट्ट आधी सोडा. बौद्ध ध्यानाचा मूळ शब्द, पालीतला ‘सति’, म्हणजे संस्कृत ‘स्मृती’च, आठवण, भान. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (६२-६३) क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश अशी उतरंड आहे. बैठक कशासाठी बोलावली हेच त्या क्षणी विसरायला होतं, ते हेच.

सकाळी १० मिनिटं पुरेत. नाकपुडीशी श्वास लागतो तिथे लक्ष ठेवा. श्वास मुद्दाम लांबवू नका. सुरुवातीला मोजा. बुद्धघोष या प्राचीन बौद्ध भाष्यकाराने ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात पाचाच्या आत थांबू नये, दहाच्या पुढे जाऊ नये असं सांगितलंय. पाचाच्या आत मन गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखं धडपडतं, दहाच्या पुढे श्वास सुटून आकडेच धरले जातात. चौदावर पोचलात की समजा, मन फिरून आलं. न चिडता पुन्हा एकपासून.

बैठकीसाठी मात्र ‘सतिपट्ठान सुत्ता’तलं, म्हणजे सति कशी राखावी यावरच्या बुद्धाच्या उपदेशातलं, दुसरं अंग धरा : वेदना. वेदना म्हणजे दुखणं नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली जाणीव. राग तोंडात येण्याआधी अंगात येतो. कान तापतात, जबडा आवळतो. ते मनात टिपा, एक श्वास पूर्ण सोडा, मग बोला. इथे बहुतेकांची गल्लत होते : राग ओळखण्याऐवजी ते तो गिळतात, आणि दुपारी तो शिपायावर निघतो. कडक बोलणं गरजेचं असेल तर जरूर बोला. बुद्धाने आपल्या मुलाला, राहुलाला, दिलेली कसोटी लावा : बोलण्याआधी, बोलताना आणि बोलून झाल्यावर, यातून मला किंवा समोरच्याला इजा होते का?

तरी ऐन वेळी आठवत नाही? कोसलचा राजा पसेनदि द्रोणभर (द्रोण हे धान्याचं मोठं माप) भात खाऊन धापा टाकत बुद्धाकडे आला होता. मिताहाराची गाथा ऐकल्यावर त्याने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती रोज जेवताना म्हणायला लावली, दिवसाला शंभर कहापण (तेव्हाची नाणी) देऊन. हळूहळू राजा नाळीभर, म्हणजे छोट्या मापाच्या, भातावर आला. तुम्ही पर्यवेक्षिकेला सांगून ठेवा : माझा आवाज चढला की पाण्याचा पेला पुढे सरकवा. कहापण नकोत, पण पेला सरकवल्याबद्दल तिच्यावर चिडायचं नाही, एवढं आधीच कबूल करा.