पारावरचं गप्प बसणं दिसतं

प्रश्न : बाई, मी औसा तालुक्यातल्या एका गावचा. २०१६ च्या दुष्काळात टँकर कधी येणार, हे सगळ्यांना कळावं म्हणून मी गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. आज त्यात चारशेवर माणसं आहेत, निम्मी पुण्याला नाहीतर चाकणच्या कंपन्यांत. आरक्षणाचा विषय तापल्यापासून ग्रुपवर रोज जातीवरून भांडणं होतात. माझा पहिलीपासूनचा मित्र दुसऱ्या समाजाचा आहे. मागच्या महिन्यात तो एक शब्द न बोलता ग्रुपमधून निघून गेला. रस्त्यात दिसला तरी मान खाली घालून जातो. वडील म्हणतात, ग्रुप बंद कर, उद्या पोलिस दारात यायचे. काय करू?
– एक अ‍ॅडमिन

उत्तर : बाळा, आधी पोलिसांचं सांगते, म्हणजे वडिलांना झोप लागेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलंय, की दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, आधीपासून संगनमत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. हे वडिलांना वाचून दाखव. पण कायदा धरत नाही म्हणून आपली जबाबदारी संपली, असं मात्र मानू नकोस.

२०१६ चा तो उन्हाळा मला चांगला आठवतो. मी तेव्हा लातूरला शिकवत होते. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती, आणि एप्रिलात मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली तेव्हा लोक फलाटावर हात जोडून उभे होते. त्या दिवसांत तुझ्या ग्रुपवर कुणाचं आडनाव कुणी बघत नसणार. ‘टँकर फाट्यावर आलाय’ एवढं वाचलं, की घागर उचलून पळायचं. तेव्हा एका ग्रुपात २५६ माणसं मावायची, म्हणजे बहुतेक गावात राहणारीच. २०२२ मध्ये ती मर्यादा १०२४ झाली आणि बाहेरगावची पोरंही आत आली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षण मागणाऱ्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठवाडाभर माणसं दुखावली. आरक्षण मागणाऱ्याचं दुखणं खरं आहे, आणि आपल्या ताटातलं जाईल म्हणून धास्तावलेल्याचंही खरं आहे. शेती दोघांचीही कोरडवाहू, पोरं दोघांचीही बेकार. म्हणून भांडण होऊच नये, असं मी तुला सांगणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. मारुतीच्या पारावर कुणी वेडंवाकडं बोललं, तर काय होतं आठव. एखादा म्हातारा तंबाखू मळता मळता थांबतो. दोघं उठून धोतर झटकतात आणि चालू लागतात. कुणी ‘गप रे’ म्हणतं, कुणी तेवढंही म्हणत नाही. पण बोलणाऱ्याला समजतं, की आपण हद्द ओलांडली. पारावरचं गप्प बसणं दिसतं, मोबाइलवरचं दिसत नाही. तिथं दोन निळ्या खुणा उमटतात आणि लिहिणाऱ्याला वाटतं, चारशे जणांनी वाचलं, कुणी नाही म्हणालं नाही, म्हणजे सगळे आपल्याच बाजूचे. तुझ्या मित्रालाही नेमकं तेच वाटलं असणार. त्याला एका शिवराळ माणसाचं दुःख झालं नसेल, बाकीच्या चारशेंचं झालं असेल. त्यांत तूही होतास.

हे मी तुला बोल लावायला लिहीत नाही. मी स्वतः हे केलेलं आहे. २०१८ च्या जूनमध्ये पोरं पळवणाऱ्या टोळीची एक चित्रफीत सगळीकडे फिरत होती. दोघं मोटारसायकलवरून येतात आणि खेळणारं पोर उचलून नेतात. ती मी कॉलनीच्या ग्रुपवर पुढे पाठवली. मुळात ती कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी काढलेली जाहिरात होती आणि शेवटचा भाग, जिथं ते पोर परत आणून सोडतात, तो कुणीतरी कापला होता. हे मला फार उशिरा कळलं. दुसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीत भंगार वेचणारी एक बाई पोरांनी अडवली. आधारकार्ड दाखव म्हणाले. चोळीत ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढताना तिची बोटं इतकी थरथरत होती, की ते दोनदा मातीत पडलं. मी फाटकात उभी होते. तोंडातून शब्द फुटला नाही. तिला कुणी मारलं नाही, एवढंच. पुढं १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या, मंगळवेढ्याकडच्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी पोरं पळवणारे समजून ठेचून मारलं. त्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल, असा बंध घातला. त्यानं वेग कमी झाला असेल. पण त्या बाईची बोटं अजून माझ्या डोळ्यांपुढं आहेत.

म्हणून सांगते, ग्रुप बंद करू नकोस. तू बंद केलास, तर आठवड्यात त्याच गावाचे तीन ग्रुप होतील आणि प्रत्येकात एकाच समाजाची माणसं असतील. आज निदान समोरचा वाचतोय एवढी तरी भीड आहे, तिथं तीही उरणार नाही. फक्त अ‍ॅडमिननं लिहायचं, अशी सोय आहे. रात्री-बेरात्री भांडण पेटलं तर सकाळपर्यंत ती लाव, कायमची नको. आरक्षणावर बोलायचं त्यानं खुशाल बोलावं. कुणाच्या जातीला, आईबहिणीला शिवी आली, तर ती लगेच काढून टाक आणि खाली स्वतःच्या नावानं लिही, ‘हे मला पटलं नाही, म्हणून काढलं.’ एवढं एक वाक्य पुरे. गावातल्या आणखी चार-पाच वडीलधाऱ्यांना घरी जाऊन विनव, की तात्या, तुम्हीही दोन शब्द टाका. सरपंचापेक्षा भजनी मंडळातले म्हातारे बरे. त्यांचं पुण्यातली पोरंही ऐकतात, कारण सप्ताहाला त्यांच्याच पंगतीत बसायचं असतं.

राहिला मित्र. त्याला पुन्हा ग्रुपात घेऊ नकोस आणि लिंकही पाठवू नकोस. येळवस, म्हणजे शेतात पूजा करून सगळ्यांनी तिथंच जेवायची आपली वेळ अमावास्या, जवळ आली आहे. दरवर्षी तो तुमच्या शेतात यायचा की नाही? कडब्याच्या खोपीत पांडव मांडताना दगडांना चुना कोण लावायचं, ते आठव. आदल्या दिवशी त्याच्या घरी जा, फोन करू नकोस. आधी त्याच्या आईला सांग, की उद्या सगळ्यांनी वावरात जेवायला यायचं. मग त्याच्याकडं बघून म्हण, ‘त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही.’ त्यापुढं सफाई देऊ नकोस, आणि तो काही बोलला तर मध्ये तोडू नकोस.

तो आला नाही, तर संध्याकाळी शेतातून परतताना त्याच्या वाट्याची भज्जी आणि उंडे डब्यात भर, बिंदग्यातली आंबील तांब्यात घे, आणि त्याच्या दारात नेऊन दे. डबा त्याच्याच हातात दे. रिकामा डबा परत मागू नकोस.