प्लूमा, रेस्मा आणि आपला दस्ता

प्रश्न असा आहे: मेक्सिकोच्या ऑफिसकडून सामानाची स्पॅनिश यादी आली, तिच्यात पेनांना ‘प्लूमास’ म्हटलंय. अ‍ॅपनं ‘बोलीग्राफो’ शिकवलं, क्लासच्या बाई म्हणतात प्लूमा म्हणजे पीस. खरं कोणाचं? आणि यादीतलं ‘एन्ग्रापादोरा’ आणि ‘रेस्मा’ काय आहे?

प्लूमा म्हणजे पीस हे बरोबरच, पण लोक शतकानुशतकं पिसानंच लिहीत होते. पीस गेलं, नाव राहिलं. मेक्सिकोत साध्या बॉलपेनला सर्रास प्लूमा म्हणतात. बोलीग्राफो स्पेनमध्ये चालतो, कोलंबियात एस्फेरो, चिलीत लापिस पास्ता. अर्जेंटिनात बिरोमे: बिरो आणि मेइने या भागीदारांची नावं जोडून झालेला ब्रँड. बॉलपेनवाला हंगेरियन लास्लो बिरो तिथेच स्थायिक झाला होता. लापिसेरोच्या नादी मात्र लागू नका. स्पेनमध्ये ती शिसपेन्सिल, पेरूत पेन, मेक्सिकोत खटक्याची पेन्सिल. तेव्हा ‘अस्सल स्पॅनिश शब्द एकच’ असं शिकवणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. त्याहून डोकं उठतं ते स्टेशनरीला ‘एस्तासिओनारियो’ म्हणणाऱ्यांमुळे. त्याचा अर्थ स्थिर, जागचं न हलणारं. वह्या-पेनांचं दुकान म्हणजे पापेलेरिया.

आता रेस्मा. यादीतला खरा ऐवज हाच! रेस्मा म्हणजे कागदाचं रीम, ५०० ताव. मूळ अरबी ‘रिज़्मा’, म्हणजे गठ्ठा. युरोपात कागद बनवण्याची विद्या पोचली ती मुख्यतः अरबांमुळे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाजवळच्या शातिवा गावच्या कागदाची वाखाणणी अरब भूगोलकार अल-इद्रीसीनं ११५४ च्या ग्रंथात करून ठेवली आहे. गंमत बघा, कागदाला स्पॅनिशनं लॅटिन वळणाचं ‘पापेल’ ठेवलं, गठ्ठ्याला मात्र अरबी नाव घेतलं. माझं म्हणणं असं, की वस्तूचं नाव लिहिणारे ठरवतात, मापाचं नाव विकणारे. ईमेलमधल्या ‘अ‍ॅट’च्या खुणेला स्पॅनिश माणूस ‘आर्रोबा’ म्हणतो, तेही अरबी वजनाचंच माप: ‘अर-रुब’, म्हणजे पाव हिस्सा.

आपलं ‘रीम’ अरबी-फारसीतून थेट मराठीत आलं, असं काही विद्वान छातीठोकपणे सांगतात. मग ‘ज़’ कुठे गेला? स्पॅनिशमध्ये त्याचा ‘स’ झाला आणि टिकला, फ्रेंचमध्ये तो गळला, आणि तो गळालेला शब्द इंग्रजांनी उचलला. आपल्या रिमात ना ज़ ना स, म्हणजे ते इंग्रजीतूनच आलं. फारसीकडून थेट आलाय तो दस्ता.

आणि इथे खरी मजा आहे. स्पॅनिशमध्ये रेस्माचा विसावा भाग म्हणजे ‘मानो’, २५ ताव. मानो म्हणजे हात! आपल्याकडे रिमाचा विसावा भाग म्हणजे दस्ता, २४ ताव (म्हणून जुनं रीम ४८०चं). दस्ता आला फारसी ‘दस्त’वरून, म्हणजे पुन्हा हातच, दस्तखतातला तोच. दोन टोकांच्या दोन भाषा कागद हातानंच मोजतात, आणि दोन्हीकडे वीस हातांचं एक रीम. कोशकार याला योगायोग म्हणोत, मला तरी ‘मानो’ हे सरळ ‘दस्त’चं भाषांतर वाटतं. कागद ज्या व्यापाऱ्यांनी पश्चिमेला नेला, त्यांनी मोजायची रीतही सोबत नेली असणार. हल्ली दुकानात दस्ता मागितला तर काउंटरवरचा मुलगा ‘ए-फोर का?’ म्हणून विचारतो, ती गोष्ट वेगळी.

हां, एन्ग्रापादोरा राहिलंच. ते स्टेपलर. स्पेनमध्ये ग्रापादोरा, चिलीत कोर्चेतेरा, अर्जेंटिनात आब्रोचादोरा. तुमची यादी मेक्सिकोची आहे, तेव्हा आहे तसंच ठेवा.